ऊसतोड महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने औद्योगिक डिझाइनच्या विद्यार्थ्यांकडून नेमके काय करून घ्यावे?

प्रश्न : संस्थेची कार्यकर्ती, धारूर (जि. बीड)

नमस्कार. धारूर आणि वडवणी तालुक्यांतल्या डोंगरपट्ट्यातील गावांमध्ये आमची लहानशी संस्था ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांचे आरोग्य आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण या दोन विषयांवर काम करते. छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातील औद्योगिक डिझाइनचे विद्यार्थी यंदाही सत्राच्या प्रकल्पासाठी आमच्याकडे येऊ इच्छितात. ही मुले मनापासून काम करतात, याबद्दल मला शंका नाही. परंतु मागच्या वेळचा अनुभव मनाला लागून राहिला आहे, म्हणून होकार कळवण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावे असे वाटले.

मागच्या वेळी आम्हीच त्यांना सांगितले होते की, डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहून बायकांची मान आणि कंबर कायमची दुखावते, तर त्यावर काही साधन करून द्या. विद्यार्थी दोन दिवस गावात राहिले, घरोघरी जाऊन बोलले आणि सत्राच्या अखेरीस मोळी पाठीवर बांधून नेण्याची पट्ट्यांची एक चौकट घेऊन आले. महाविद्यालयाच्या प्रदर्शनात तिचे कौतुक झाले. आम्ही ती ऊसतोड मजुरांच्या एका टोळीबरोबर फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावर, पाठवली आणि आठवडाभरातच ती कोपीमागे (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीमागे) पडून राहिली. मोळी घेऊन बाईला ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढावे लागते आणि वर पोहोचल्याबरोबर मानेच्या एका हिसक्याने ती आत टाकावी लागते. पाठीला बांधलेली मोळी सोडवायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि फळीवर तोल गेलाच तर ओझ्यासकट खाली येण्याची भीती असते. डोक्यावर चुंबळीवर ठेवलेली मोळी निदान फेकून देता येते. गावातल्या कोणत्याही बाईने हे पहिल्याच दिवशी सांगितले असते, पण विद्यार्थी गावात आले तेव्हा समोर ना ऊस होता, ना ट्रक, ना फळी. आम्हालाही ते सुचले नाही.

यंदा विद्यार्थ्यांनी विषय मागितला आहे. फडावरच्या मुक्कामात बायकांना आंघोळीसाठी धड आडोसा नसतो. चार काठ्यांना जुनी साडी गुंडाळून, पहाटे अंधार असतानाच त्या उरकून घेतात. गाडीवर घालून नेता येईल असा घडीचा आडोसा करून द्या, असे सांगावे का? की मुळात संस्थेने विषय ठरवून देणेच चुकीचे आहे?

उत्तर १ : डिझाइनचे अध्यापक, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपण अपयश इतक्या नेमकेपणाने मांडले आहे की, तो परिच्छेद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे. दोष विद्यार्थ्यांच्या कौशल्यात नव्हता, वेळापत्रकात होता, असे मला वाटते.

आमचे पहिले सत्र साधारणपणे जुलै ते नोव्हेंबर चालते आणि दुसरे डिसेंबर ते मे. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे पहिल्या सत्रात विद्यार्थी गावात येतात तेव्हा माणसे भेटतात पण काम दिसत नाही, आणि दुसऱ्या सत्रात येतात तेव्हा गाव रिकामे असते व काम पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात चाललेले असते. एका सत्रात प्रकल्प पूर्ण करण्याच्या हट्टामुळे यांतला एकच अर्धा भाग दिसतो. म्हणून माझी सूचना अशी की, आपण महाविद्यालयाशी एका सत्राचा नव्हे, तर वर्षभराचा आणि दोन तुकड्यांचा करार करावा. पहिल्या तुकडीने जानेवारीत फडावर जाऊन किमान चार-पाच रात्री टोळीजवळ मुक्काम करावा आणि वस्तू न बनवता केवळ नोंदी, मापे आणि रेखाटने करून परत यावे. बायका किती वाजता उठतात, पाणी कोठून आणि किती भांडी आणतात, ते कोण तापवते, आंघोळीचे पाणी कोठे वाहून जाते, मुक्काम किती दिवसांनी हलतो, गाडीत सामान कोणत्या क्रमाने भरले जाते, हे सगळे त्या नोंदीत हवे. मग जून ते सप्टेंबर या काळात, टोळ्या गावी परतलेल्या असताना, पुढच्या तुकडीने बांबू आणि कापड वापरून खऱ्या मापाचा कच्चा नमुना अंगणात उभा करावा आणि बायकांना तो हवा तसा मोडू-जोडू द्यावा. ऑक्टोबरात निघणाऱ्या टोळीबरोबर पक्का नमुना जावा आणि जानेवारीत तो कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायला कोणीतरी पुन्हा जावे. गुणांचा काही भाग या शेवटच्या फेरीला राखून ठेवण्याचा आग्रह आपण धरू शकता. संस्थेने मागितले तर महाविद्यालये ऐकतात, पण संस्था सहसा मागतच नाहीत.

विषय संस्थेने द्यावा का, याचे उत्तर होय असेच आहे. मात्र विषय देताना वस्तूचे नाव देऊ नये. 'घडीचा आडोसा हवा' असे म्हटले की, विद्यार्थी पहिल्या दिवसापासून बिजागरीचा विचार करू लागतो. 'फडावर बाईला निर्धास्तपणे आंघोळ करता आली पाहिजे आणि कपडे बदलता आले पाहिजेत' असे म्हटले, तर कदाचित तो पाण्याचा, उजेडाचा किंवा कोप्यांच्या मांडणीचा विचार करील, आणि उत्तर आडोशाहून वेगळेही निघेल.

एक जुनी गोष्ट येथे आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत नवी गावे वसवली गेली. घरे सुरक्षित होती, हेतू शंभर टक्के चांगला होता. परंतु वाडा, गल्ली आणि पार यांभोवती जगलेल्या माणसांना रुंद रस्त्यांच्या चौकोनी आखणीत गाव सापडत नव्हते. मराठवाड्यात डिझाइन शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांना एकदा तरी त्या गावांतून पायी फिरवून आणावे.

उत्तर २ : फॅब्रिकेशन व्यावसायिक, वाळूज

मी शिकलेला डिझाइनर नाही, पण विद्यार्थ्यांचे नमुने बनवून देण्याची कामे माझ्या शेडमध्ये नेहमी येतात, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

सरळ चौरस आडोसा धरला आणि २५ मिलिमीटर व्यासाचा १६ गेज जाडीचा लोखंडी पाइप घेतला, तर त्याचे वजन मीटरला साधारण ९०० ग्रॅम भरते. १.८ मीटरचे चार खांब आणि १.२ मीटरच्या वर-खाली मिळून आठ आडव्या पट्ट्या केल्या, तर एकूण पाइप १६.८ मीटर होतो आणि नुसती चौकट १५ किलोच्या पुढे जाते. ती रोज कोण उचलणार? खालच्या चार पट्ट्या काढून टाकून खांबांना जमिनीत ठोकायच्या खुंट्या दिल्या, तर काम १२ मीटरमध्ये होते आणि वजन ११ किलोवर येते. बाजारात पाइप ६ मीटर लांबीचा मिळतो. एका पाइपातून १.८ चे दोन आणि १.२ चे दोन तुकडे बरोबर निघतात, म्हणजे दोन पाइपांत एक आडोसा होतो आणि छाटण काहीच उरत नाही. कापताना ब्लेड दरवेळी दोन-तीन मिलिमीटर खाते, तेवढे माप कमी धरावे. विद्यार्थी चित्रात खांब १.९ मीटरचा दाखवतात आणि मग प्रत्येक पाइपामागे जवळपास एक मीटरचा तुकडा वाया जातो. एका नमुन्यात हे जाणवत नाही, शंभर नग करायचे झाले की संस्थेच्या खिशाला जाणवते.

जोडणीसाठी ८ एमएमचे बोल्ट वापरावेत. त्यांना १३ नंबरचा पाना लागतो आणि तो प्रत्येक ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये असतो. नट पाइपलाच वेल्ड करून टाकावेत, म्हणजे हरवण्याची वस्तू निम्म्यावर येते. प्लॅस्टिकचे खास जोड किंवा मशिनवर छापून आणलेले (थ्री-डी प्रिंटचे) भाग प्रदर्शनात छान दिसतात, पण फडावर तुटले तर त्या गावच्या वेल्डरला ते दुरुस्त करता येत नाहीत. विद्यार्थ्यांनी चित्र पक्के करण्यापूर्वी एक दिवस कोणत्याही शेडमध्ये येऊन उभे राहावे. आमच्यापैकी बहुतेक जण आनंदाने शिकवतील.

उत्तर ३ : निवृत्त यांत्रिकी कर्मचारी, जालना

वरच्या भाऊंनी दुरुस्तीचा मुद्दा काढला, म्हणून आमच्या जालन्याची गोष्ट सांगतो; ती नव्या मुलांना ठाऊक नसते.

आज गावोगावी दिसणारा इंडिया मार्क टू हातपंप ज्या प्रयत्नांतून घडला, त्यांतला एक महत्त्वाचा प्रयत्न जालन्यात झाला. त्याआधी बसवले जाणारे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप परदेशातील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेल्या पंपांच्या नकला होत्या. त्यांवर अख्खे गाव दिवसभर पाणी ओढू लागले की, ते थोड्याच काळात मोडून पडत. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधील माणसांनी बिडाऐवजी पोलादाचा वेल्ड केलेला पंप बनवला, सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने त्या सोलापूर पंपाच्या आधारे मार्क टू तयार झाला. साध्या कारखान्यात बनवता यावा, ही त्यामागची अट होती. त्यावर कोणाचे पेटंट ठेवले गेले नाही, म्हणूनच अनेक कारखान्यांना तो बनवता आला आणि तो देशाबाहेरही पोहोचला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे मला वाटते. एक म्हणजे, मोडलेल्या पंपाजवळ रोज उभे राहणाऱ्या माणसांनी तो सुधारला. दुसरी म्हणजे, काम एका हाताने पूर्ण झाले नाही. जालन्याचे काम सोलापूरने पुढे नेले. ताई, तुमच्याकडची ती पट्ट्यांची चौकट फेकू नका. ती का चालली नाही, याचा कागद तिला बांधून पुढच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्या. आणि नव्या वस्तूची चित्रे कोणालाही वापरता येतील, असे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी केली, तर आधी १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे हक्क एकाच मालकाकडे राहतो. महाविद्यालय, विद्यार्थी आणि संस्था यांच्यात त्यावरून पुढे कटुता यायला नको.

उत्तर ४ : आरोग्य कार्यकर्ती, अंबाजोगाई

आंघोळीचा विषय घ्याच, असे मी आग्रहाने सांगेन. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागे अनेक कारणे आहेत, आणि ती एखाद्या वस्तूने दूर होणारी नाहीत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; तिने एक दिवस खाडा केला तर दंड दोघांच्या उचलीत (आगाऊ घेतलेल्या रकमेत) चढतो, म्हणून बाई पाळीत आणि आजारातही फडात उभी राहते. विद्यार्थ्यांना हे आधी समजावून सांगा, म्हणजे आपण काय सोडवत आहोत आणि काय सोडवू शकत नाही, याचे भान त्यांना राहील. तरीही स्वच्छ पाणी, आडोसा आणि कापड वाळवायला जागा मिळाली, तर जंतुसंसर्गाचा त्रास कमी होतो, हे आम्ही रोज पाहतो.

फडावर मुक्कामाला विद्यार्थिनी पाठवा आणि या विषयावरचे बोलणे त्यांनाच करू द्या. बाईच्या परवानगीशिवाय कोपीचा किंवा मुलांचा एकही फोटो सादरीकरणात जाऊ नये. आणखी एक बारीक गोष्ट : बायका अंधारात आंघोळ करतात, तेव्हा आत दिवा असतो. शेडनेट किंवा पातळ कापड लावले, तर आतल्या उजेडाने सावली बाहेर स्पष्ट उमटते. दिवसा कापड तपासून हे कळणार नाही. रात्री आत दिवा लावून, बाहेर उभे राहून पाहावे लागेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, दादा, काका आणि ताई, आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार. महाविद्यालयाला आजच कळवले आहे की, एका सत्राच्या प्रकल्पाला आमचा होकार नाही, परंतु वर्षभराच्या कामाला आहे, आणि जानेवारीतल्या मुक्कामाची व्यवस्था संस्था करील.

काल संध्याकाळी गावात सात-आठ जणींना बसवून आडोशाची उंची विचारली. आंघोळ बसूनच करतो, तेव्हा तेवढी उंची नको, असे आधी सगळ्या म्हणाल्या. मग एक सून म्हणाली की, लुगडे नेसायला उभे राहावेच लागते, आणि पहाटे उसाने भरलेल्या गाडीवर चढून दोर आवळणारा माणूस १.८ मीटरच्या काय, त्याहून उंच भिंतीच्याही वरून आत पाहू शकतो. म्हणजे वरून झाकण हवे. पण झाकण आले की, आत पाणी तापवलेल्या घागरीची वाफ आणि दिव्याचा धूर कोंडेल, असे दुसरीने लगेच सांगितले. वाळूजच्या दादांना विनंती आहे की, वर अर्धेच छत धरले तर दोन पाइपांचा हिशेब कितीने वाढतो, तेवढे कळवावे.