मदत हवी आहे: काकांना दफन नकोय, त्यांना कसं समजावू?

शालोम मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मोठे काका हट्टाला पेटलेत, ‘मला पुरू नका, विद्युतदाहिनीत न्या. जागा कशाला अडवायची?’

तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ (त्यातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, 21:23), तर सांगते, गुन्हेगाराचा टांगलेला देहसुद्धा रात्रभर तसाच ठेवू नये, त्याच दिवशी पुरावा. तल्मूद या धर्मचर्चांच्या ग्रंथात, सन्हेद्रिन या भागाच्या पान 46ब वर प्रश्न आहे: दफन विटंबना टळावी म्हणून की प्रायश्चित्तासाठी? प्रायश्चित्तासाठी असेल तर माणूस ते नाकारू शकतो. पण विटंबना घरच्यांचीही होते, ती त्याच्या एकट्याच्या शब्दावर कशी सोडायची? रामबाम (मध्ययुगातले मोठे ज्यू धर्मशास्त्री) स्पष्ट म्हणतात, दफन नको म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

मला हे मनापासून पटतं. पण ऐंशीच्या घरातल्या माणसापुढे नुसता नियम ठेवायचा नाहीये. कोणाच्या घरी असा प्रसंग आला होता का? काकांशी मराठीतून शांतपणे बोलतील असे जाणकार हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) माहीत असतील तर प्लीज सांगा.