हेडोराचा दुसरा भाग आफ्रिकेत चालला असता का?

रबरी_शेपूट:
प्रदूषणाच्या गाळातून वाढलेल्या हेडोरा राक्षसाचा जपानी सिनेमा 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा' (२४ जुलै १९७१) प्रश्नचिन्हावर संपतो: 'आणि आणखी एक?' दिग्दर्शक योशिमित्सु बान्नोंच्या मनात आफ्रिकेत घडणारा पुढचा भाग होता. पण चित्रीकरणाच्या वेळी आजारी असलेले निर्माते तोमोयुकी तानाका तयार सिनेमा बघून भडकले. (गॉडझिला तोंडातल्या झोताच्या जोरावर उलटा उडतो, ते दृश्य तर त्यांना अजिबात रुचलं नाही.) बान्नोंना पुन्हा गॉडझिलापट दिग्दर्शित करायला मिळाला नाही. माझ्या मते तोहो स्टुडिओने मालिकेतली सर्वांत धारदार कल्पना वाया घालवली.

गाळमापक:
असहमत. जपानीत 'हेदोरो' म्हणजे कुजका गाळ. तागोनोउरा बंदरात कागद गिरण्यांचा गाळ साचला, त्यावरून १९७० मध्ये रान पेटलं, आणि सिनेमा त्याच सुरुगा आखाताच्या काठी घडतो. डिसेंबर १९७० मध्ये संसदेने प्रदूषणाचे १४ कायदे केले, १ जुलै १९७१ ला सरकारची पर्यावरण एजन्सी सुरू झाली, आणि तीन आठवड्यांनी हेडोरा पडद्यावर आला. ती जागा सोडली की उरतो चिखलाचा गोळा. शिवाय तो मरतो कशाने? वाळल्याने! दोन अजस्र इलेक्ट्रोडमध्ये धरून त्याचं पाणी उडवतात. अशा प्राण्याला आफ्रिकेच्या उन्हात नेऊन सोडणार?

रबरी_शेपूट:
आफ्रिका म्हणजे फक्त सहारा नाही हो. नायजेरियातला नायजर डेल्टा घ्या: १९५८ पासून तेलाची निर्यात, खारफुटी, दमट हवा. हेडोराला आयतं ताट. आणि वाळण्याचं म्हणाल तर शेवट परत बघा. पहिल्यांदा तो वाळून कोळ झालेला दिसतो, पण आतून ओला हेडोरा निसटून उडतो. जाड गाळाचं असंच असतं, वरची खपली आधी कडक होते आणि आतली ओल कोंडते. म्हणून गॉडझिला त्याला पकडून आणतो, पुन्हा वाळवतो आणि फाडून तुकडे करतो. नुसत्या उन्हाने वरवरची खपलीच धरेल. उलट दुसऱ्या भागाचा सगळा पेच तिथेच आहे.

गाळमापक:
खपलीचा मुद्दा बिनतोड, मागे घेतो. जागेचा मुद्दा मात्र सोडत नाही. तेलाचा तवंग दाखवायचा तर तेल कोण नेतं तेही दाखवावं लागेल. मुलांसाठी कार्टूनच्या जोडीला लावायच्या 'चॅम्पियन फेस्टिव्हल'च्या खेळात ते कोण दाखवणार होतं?

जुनी_रीळ:
दोघेही कथेत अडकलात, गाडी पैशांवर अडली असती. पहिल्या भागाला साधारण ३५ दिवस मिळाले, नाट्य आणि स्पेशल इफेक्ट्स दोन्हींना एकच युनिट. हेडोराचा सूट सुमारे १५० किलोचा, आत केनपाचिरो सात्सुमा. फोम-रबर भिजला की आणखी जड होतो, म्हणजे दलदलीत प्रत्येक टेकनंतर सूट सुकवत बसा. पुढच्याच वर्षीच्या गायगनपटात (गायगन हा मालिकेतला दुसरा राक्षस) खर्च वाचवायला गिदोरा या आधीच्या राक्षसाची जुनी दृश्यं सर्रास चिकटवली आहेत. हेडोराबाबत तीही सोय नाही, कारण मोठी मारामारी फुजीच्या पायथ्याशी आणि रात्रीची. ती नायजरच्या खाडीत कशी खपवणार?

रबरी_शेपूट:
रात्रीच तर खपते. मागचा डोंगर धुराने झाका.

जुनी_रीळ:
डोंगर झाकाल. इलेक्ट्रोडचे मनोरे जवळपास प्रत्येक लाँग शॉटमध्ये आहेत.