जुन्या छायाचित्रांच्या डिजिटल प्रतींसाठी लिनक्सवर स्कॅनर आणि गिम्प यांची मांडणी

प्रश्न : पानगळ

घरातील जुन्या छायाचित्रांच्या डिजिटल प्रती करण्याचे काम हाती घेतले आहे. संग्रहात कृष्णधवल कागदी प्रती आहेत, त्यांपैकी काही खरखरीत पोताच्या कागदावर आहेत; 1980 च्या आसपासच्या रंगीत प्रती आता पार तांबूस झाल्या आहेत; शिवाय 35 मिलिमीटरच्या काही निगेटिव्ह पट्ट्या आहेत. संगणकावर लिनक्स मिंट 22 आहे आणि छपाई व स्कॅनिंग दोन्ही करणारे सपाट काचेचे यंत्र यूएसबीने जोडलेले आहे.

मिंटच्या सॉफ्टवेअर-भांडारातून गिम्प हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर बसवले असता 2.10 ही आवृत्ती मिळाली, तर फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र वितरणपद्धतीत आवृत्ती 3 उपलब्ध दिसते. यांपैकी कोणती वापरावी? सिंपल स्कॅन हा स्कॅनिंगचा प्रोग्राम यंत्राला लगेच ओळखतो, परंतु त्यात 16 बिटचा (प्रत्येक रंगाच्या अधिक बारीक छटा नोंदवण्याचा) पर्याय नाही आणि टिफ या दर्जा टिकवणाऱ्या फाइल-स्वरूपात जतनही करता येत नाही. टर्मिनलमध्ये पाहिले तर एकच यंत्र दोन निरनिराळ्या नावांनी दिसते. तांबूस छायाचित्रांवर स्वयंचलित रंगदुरुस्ती वापरली की चेहरे हिरवट होतात. स्कॅन किती डीपीआयने (दर इंचाला किती बिंदू) करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : काचपात्र

गिम्पच्या आवृत्तीचा विचार नंतर करावा. आधी स्कॅनरकडे पाहावे, कारण काचेवरून जे आलेच नाही ते कोणत्याही संपादकाला परत आणता येत नाही.

लिनक्सवरील जवळजवळ सर्व स्कॅनिंग सेन या प्रणालीतून होते आणि प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी तिच्यात स्वतंत्र बॅकएंड, म्हणजे यंत्राशी बोलणारा भाग, असतो. आपल्याला एकच यंत्र दोनदा दिसते, याचे कारण बहुधा असे की सेनचा स्वतःचा ईएससीएल बॅकएंड आणि सेन-एअरस्कॅन हे दोघेही ड्रायव्हरविना चालणाऱ्या एकाच मार्गाने त्याच्यापर्यंत पोहोचत आहेत. यूएसबीने जोडलेल्या यंत्राला हा मार्ग आयपीपी-यूएसबी ही सेवा खुला करून देते. सोय मोठी आहे, पण या मार्गाने यंत्र पुष्कळदा चित्र जेपेगमध्ये दाबूनच पाठवते आणि 8 बिटच्या पुढे जात नाही. कागदपत्रांसाठी ते पुरेसे असले, तरी विटलेल्या छायाचित्रांसाठी नाही.

आपल्या मॉडेलसाठी सेनमध्ये जुन्या पद्धतीचा बॅकएंड आहे का, हे सेनच्या अधिकृत यादीत पाहावे. असल्यास आयपीपी-यूएसबी सेवा थांबवून यंत्राची तार काढून पुन्हा जोडावी. ती सेवा चालू असेपर्यंत यंत्राचा ताबा तिच्याकडेच राहतो आणि जुन्या बॅकएंडला यंत्र दिसतच नाही. मात्र सेवा थांबवल्यावर छपाईसाठी वेगळा ड्रायव्हर लागू शकतो, म्हणून आधी केवळ तात्पुरती थांबवून पाहणे शहाणपणाचे.

त्यानंतर स्कॅनिंगसाठी एक्ससेन हा प्रोग्राम बसवावा. त्याचा चेहरामोहरा जुनाट आहे आणि एकाच वेळी चार खिडक्या उघडतात, याची सवय करून घ्यावी लागते. परंतु तो 16 बिटची टिफ फाइल देतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 16 बिटचे चित्र जतन करताना 8 बिट करण्याचा एक पर्याय असतो, तो बंद आहे याची खात्री करावी. गॅमा, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट यांना हात लावू नये.

कागदी प्रतींसाठी 600 डीपीआय पुरेसे आहे. 4 बाय 6 इंचांची प्रत 600 डीपीआयने घेतली तर 2400 बाय 3600, म्हणजे सुमारे 86 लाख पिक्सेल होतात आणि 48 बिट रंगात (तीन रंग, प्रत्येकी 16 बिट) दाबणीविना फाइल साधारण 52 मेगाबाइटची होते. 1200 डीपीआयने ती चौपट होईल आणि त्या वाढीव पिक्सेलांत बहुतेक वेळा कागदाच्या पोताशिवाय काही हाती लागत नाही. अगदी लहान, पासपोर्ट आकाराची प्रत मोठी करून छापायची असेल, तरच 1200 वापरावे.

उत्तर : तिसरी घंटा

गिम्पविषयी. 16 व 32 बिटमध्ये काम करण्याची क्षमता 2018 च्या 2.10 या आवृत्तीपासूनच आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी बदल करण्याची गरज नाही. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 चा खरा लाभ निराळा आहे : कर्व्हज, लेव्हल्स यांसारख्या छटा व रंग जुळवण्याच्या क्रिया थरावर (लेयरवर) फिल्टर म्हणून टिकून राहतात आणि आठवड्याने फाइल उघडली तरी त्यांची मूल्ये बदलता येतात. शेकडो छायाचित्रांच्या कामात, जिथे पहिल्या दिवशीचा रंगाविषयीचा निर्णय दहाव्या दिवशी पटेनासा होतो, तिथे हे फार उपयोगी पडते, म्हणून मी फ्लॅटपॅकमधील 3 सुचवेन. मात्र 2.10 साठीचे प्लगइन (गिम्पला जोडायची पूरक साधने) त्यात चालत नाहीत. रीसिंथेसायझरसारखे एखादे आपल्या नेहमीच्या वापरात असेल, तर त्याची नवी आवृत्ती आधी शोधून ठेवावी. गिम्पमधूनच स्कॅन करण्याचा नाद सोडावा. स्कॅन एक्ससेनमध्ये आणि संपादन गिम्पमध्ये, ही विभागणीच सोयीची आहे.

तांबूसपणाचे कारण असे की त्या काळच्या अनेक रंगीत कागदांवर निळसर-हिरवा, म्हणजे सायन, रंगद्रव्याचा थर इतरांपेक्षा लवकर विटतो. सायन लाल प्रकाश शोषतो. तो विटला की लाल प्रकाश मोकळेपणाने परावर्तित होतो आणि सर्वांत आधी गडद भाग तांबडे दिसू लागतात. म्हणूनच संपूर्ण चित्राला एकच दुरुस्ती लावून भागत नाही. लेव्हल्समध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडावेत व प्रत्येकाच्या छटांच्या आलेखात (हिस्टोग्राममध्ये) जिथे खरोखर माहिती सुरू होते तिथे काळा बिंदू आणि जिथे ती संपते तिथे पांढरा बिंदू आणावा. लाल चॅनेलचा काळा बिंदू बराच उजवीकडे सरकवावा लागेल. कागद पिवळा पडला असल्यास निळ्या चॅनेलचा पांढरा बिंदू डावीकडे येईल. इतके केल्यावर मधल्या छटा कर्व्हजने जुळवाव्यात. केस, पांढरा सदरा, करड्या भिंती अशा मुळात रंगहीन असलेल्या गोष्टींकडे पाहून निर्णय घ्यावा. चेहऱ्यावरून रंग ठरवायला गेले की फसगत होते.

धूळ आणि ओरखडे यांसाठी वेव्हलेट डीकंपोज वापरून पाहावे. हे फिल्टर चित्रातील सूक्ष्म तपशील आणि मोठ्या छटा वेगवेगळ्या थरांत विभागते. सूक्ष्म थरांवर हील हे डाग बुजवण्याचे साधन चालवल्यास ओरखडा निघतो आणि त्याखालील गालाची छटा मात्र तशीच राहते.

उत्तर : रुळाकडेची सावली

16 बिटचा आग्रह मला थोडा अतिरेकी वाटतो. ज्या कृष्णधवल प्रतींत काळा काळाच आणि पांढरा पांढराच राहिला आहे, त्यांना 8 बिट पुरते. दुरुस्ती किरकोळ असेल तर फरक डोळ्यांना दिसणार नाही. विटलेल्या प्रतींत मात्र सगळ्या छटा आलेखाच्या अरुंद पट्टीत दाटलेल्या असतात. त्या ताणल्या की 8 बिटमध्ये आकाशासारख्या सपाट भागांत पट्टे उमटतात. तेव्हा 16 बिट तांबूस प्रतींसाठी राखून ठेवावे आणि बाकीच्यांवर जागा व वेळ वाचवावा.

खरखरीत पोताच्या कागदाची अडचण बिटची नसून प्रकाशाची आहे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने तिरपा पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली चित्रात येते. प्रत एकदा सरळ आणि एकदा 180 अंशांत फिरवून स्कॅन करावी, दुसरे स्कॅन गिम्पमध्ये उलटे फिरवून पहिल्यावर नेमके बसवावे आणि वरच्या थराची अपारदर्शकता 50 टक्के ठेवावी. सावल्या परस्परविरुद्ध दिशांच्या असल्याने त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. थर जुळवताना थोडी चिकाटी लागते, म्हणून हे निवडक छायाचित्रांसाठीच करावे.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयपीपी-यूएसबी थांबवल्यावर यंत्र तिसऱ्या नावाने दिसू लागले आणि एक्ससेनमध्ये 16 बिटचा पर्याय आला. लाल चॅनेलचा काळा बिंदू सरकवताच चित्राचा नूरच पालटला. आता निगेटिव्हचे तेवढे राहिले : या यंत्राच्या झाकणात दिवा नाही.

उत्तर : काचपात्र

निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जावा लागतो, म्हणून झाकणात दिवा नसलेल्या यंत्रावर ती नीट येत नाही. त्यासाठी खटपट करू नये. एकसारखा पांढरा प्रकाश देणारे लाइट पॅनेल आणि मॅक्रो लेन्स असलेला कॅमेरा मिळत असेल, तर पट्टी पॅनेलवर सपाट धरून रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीच्या) स्वरूपात छायाचित्र घ्यावे व ते डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. त्यात 3.2 या आवृत्तीपासून नेगाडॉक्टर हे मॉड्यूल आहे. फिल्मच्या कडेचा, चित्र नसलेला नारिंगी भाग त्याला नमुना म्हणून दाखवला की तो नारिंगी छटा वजा करून रंग उलटवतो. म्हणून छायाचित्र घेताना ती कडा चौकटीत येईल असे पाहावे.

उत्तर : तिसरी घंटा

एक गोष्ट कामाच्या सुरुवातीलाच ठरवावी. स्कॅन केलेल्या फाइलवर बहुधा स्कॅनिंगच्याच दिवसाची तारीख असते, त्यामुळे पुढे संग्रह लावताना आजोबांचे लग्न आणि नातवंडांचा वाढदिवस एकाच महिन्यात दिसू लागतात. डिजिकॅम या छायाचित्रसंग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक छायाचित्रे एकदम निवडून त्यांच्या तारखा बदलता येतात आणि मथळाही भरता येतो. नक्की दिवस माहीत नसल्यास वर्षाची 1 जानेवारी ही तारीख घालून मथळ्यात "अंदाजे" असे स्पष्ट लिहावे. प्रतीच्या मागे काही लिहिलेले असेल, तर ती बाजूही 300 डीपीआयने स्कॅन करून त्याच क्रमांकाच्या नावाने शेजारी ठेवावी. मूळ टिफ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांत बदल करण्याची परवानगी काढून घ्यावी. गिम्पमध्ये त्या उघडून पुढील सर्व काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपातच जतन करावे आणि नातेवाइकांना पाठवण्यापुरतेच जेपेग काढावे.