अनुभव धागा : तेव्हा तुम्ही घरी सांगितलं होतं का?

रानजाई

परवा भाची राहायला आली. वीस वर्षांची आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. जेवताना तिने फोन ताटाशेजारी पालथा ठेवला होता. तो थरथरला की तिचा घास तसाच हातात राहायचा. ताईला वाटलं निकालाची धास्ती असेल. मला मात्र ते थांबणं ओळखीचं वाटलं, कारण २००८ साली माझाही घास असाच अडायचा.

तेव्हा मी मिरजेला होस्टेलवर होते. गॅदरिंगला नऊवारी नेसून काढलेला माझा फोटो कुणीतरी ऑर्कुटवर टाकला. माझ्या नावाचं प्रोफाइल केलं, त्याखाली माझा मोबाइल नंबर आणि एक ओळ, जी मला आजही लिहवत नाही. रात्री साडेदहानंतर फोन सुरू व्हायचे. बंद ठेवला तर आईचा लागायचा नाही आणि ती घाबरायची. दोन महिने मी कुणाशी बोलले नाही. शेवटी रूममेटनेच घरी कळवलं. बाबा एसटीने आले, रेक्टरबाईंसमोर गप्प बसले आणि परतताना म्हणाले, "फोटो काढून घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं?" माझं ते वर्ष गेलं. प्रोफाइल कुणी केलं ते आजतागायत कळलेलं नाही. बाबा आता थकलेत, मीच त्यांना दवाखान्यात नेते-आणते, आमचं चांगलं आहे. पण ते वाक्य गेलं नाही.

भाचीचं सगळं रात्री गच्चीत गाद्या टाकल्यावर बाहेर आलं. दागिन्यांच्या जाहिरातीसाठी मुली हव्यात म्हणून इन्स्टाग्रामवर एका बाईचा मेसेज आला होता. ती बाई नव्हतीच. हिने पाठवले ते साधे चेहऱ्याचे फोटो. परत आले ते दुसऱ्याच कुणाच्या अंगावर तिचा चेहरा चिकटवून, आणि सोबत तिच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट: भाऊ, आत्या, कॉलेजचे सर. पंधरा हजार मागितले. मैत्रिणीकडून उसने घेऊन चार हजार देऊन झाले होते आणि त्यानंतर मागणी वीसवर गेली होती. हे सगळं सांगायच्या आधी तिचं पहिलं वाक्य होतं, "मावशी, बाबांना सांगायचं नाही."

म्हणून हा धागा. तुमच्या, बहिणीच्या, मुलीच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर लिहा. विशेषकरून, पहिल्यांदा कुणाला सांगितलं आणि त्या माणसाने काय केलं?

टिकली

वाचून पोटात गोळा आला. कशी आहे आता ती? डबे भरतेय, नंतर लिहिते.

अबोली_नगर

माझ्याकडे तर ओळखीतलाच होता. साखरपुडा मोडला तरी त्याला माझं सगळं कळायचं. आईबरोबर तुळशीबागेत कुठल्या रंगाचं कापड घेतलं तेसुद्धा. मला वाटायचं मैत्रीण सांगते. तिच्याशी मी भांडले, बोलणं तोडलं, त्याचं दुःख सगळ्यात जास्त आहे. ती निर्दोष होती. लग्न ठरलेलं असताना एकदा माझा फोन त्याच्या हातात दिला होता, तेवढ्या पाच मिनिटांत त्याने माझं व्हॉट्सॲप स्वतःच्या लॅपटॉपवर जोडून घेतलं होतं. आठ महिने वाचत होता.

व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा, सगळ्यांनी, आज. अनोळखी काही दिसलं तर लगेच काढू नका. आधी दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. मी घाबरून आधी काढून टाकलं आणि नंतर दाखवायला हातात काही नव्हतं.

सांगितलं भावाला. तो काठी घेऊनच निघाला होता, वहिनीने दारात अडवलं. मग वहिनी माझ्याबरोबर चौकीत आली. तेव्हा कलम ३५४ ड लागलं होतं, पाठलागाचं. इंटरनेटवर पाळत ठेवली तरी तो पाठलागच, हे मला त्या दिवशी कळलं.

दहीभात

आत्ता बघितलं. दोन दिसतायत. एक ऑफिसचा. दुसरा कुठला???

अबोली_नगर

फोटो काढ आधी.

गोदाकाठ

पोलीस खात्यातून निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं सायबरच्या टेबलावर होते. मुली आईबरोबर यायच्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. दहापैकी सात जणींनी चॅट पुसलेलं असायचं. "घाण वाटत होती फोनमध्ये", असं सांगायच्या. बाळांनो, समजतं मला ते. पण पुसू नका. समोरच्याचं नाव दिसतं ते उद्या बदलेल, म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मगच ब्लॉक करा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, सकाळची वाट बघू नका. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत अडवला तरच हाती लागतो. बाकी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तिथे नाव न देताही नोंदवता येते, पण पुढे त्याचा मागोवा घ्यायचा असेल तर नाव-नंबर द्यावा लागतो. "आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकवलं तर झिरो एफआयआर म्हणा (कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद), ठाम म्हणा. पाठलाग, चोरून चित्रण अशा गुन्ह्यांत महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. कायद्यातच आहे ते, आपण उपकार मागत नाही.

आणि एकदा पैसे दिले की तो थांबत नाही. त्याला एवढंच कळतं की ही देते.

पेन्शनर_कोथरूड

माझं स्पष्ट मत, मुलींनी फोटो टाकूच नयेत. आमच्या वेळी हे प्रकार नव्हते.

मोरपंखी

काका, रानजाईने फोटो टाकला नव्हता. नऊवारीतला होता आणि दुसऱ्याने टाकला.

माझ्या बहिणीने तर कुठेच काही टाकलं नव्हतं. मेसचे पैसे भरायला कर्जाच्या एका ॲपवरून ३,००० घेतले. ॲपने फोनबुक आणि गॅलरीची परवानगी मागितली, तिने दिली, कारण नाही म्हटलं की पुढे जातच नव्हतं. आठव्या दिवशी परत केले तरी "बाकी आहे" म्हणून धमक्या. मग तिचा चेहरा लावलेला घाण फोटो फोनबुकमधल्या सगळ्यांना गेला. गॅसवाल्याला, क्लासच्या ताईंना, काकांना, शाळेतल्या जुन्या बाईंना. बहीण खोलीची कडी लावून बसली.

पहिला फोन त्या जुन्या बाईंचा आला, आईला. "फोटो खोटा आहे हे मला बघताक्षणी कळलं, तुम्ही तिला रागावू नका, मी येते." रिक्षा करून आल्या, बहात्तर वर्षांच्या आहेत. कडी त्यांच्याच हाकेला उघडली. रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच सांगितलंय की कर्जाच्या ॲपला फोनबुक आणि फोटोंमध्ये शिरता येणार नाही. मागितलं तर तिथेच ओळखा की हे कर्ज देणारे नव्हेत.

स्वातीनक्षत्र

रानजाई, मिरजेला कुठल्या होस्टेलवर होतात? मी २००६ ते ०९ तिथेच! रेक्टरबाई चष्मा साखळीत अडकवायच्या त्याच का?

रानजाई

त्याच! पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळची खोली. तुम्ही?

स्वातीनक्षत्र

दुसरा मजला, कोपऱ्यातली. म्हणजे तुम्ही खाली होतात आणि आम्हाला पत्ताच नाही. एक मुलगी मध्येच सोडून गेली एवढंच कानावर आलं होतं. "घरचं काहीतरी" म्हणाल्या होत्या बाई. आम्ही विचारलंसुद्धा नाही हो.

कोकणकडा

मी पुरुष आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२०१५ ला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. वर्गातल्या एका मुलीचा फोटो मुलांच्या ग्रुपवर आला. ज्याने टाकला त्याच्यावर तिने विश्वास टाकला होता. मी पुढे पाठवला नाही. हसणारी चिन्हंही टाकली नाहीत. पण ग्रुप सोडला नाही आणि तिला सांगितलंही नाही. सेमिस्टर संपताना तिने कॉलेज बदललं. चार वर्षांनी ठाण्यात एका लग्नात समोर आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून "कशी आहेस" विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या ग्रुपमध्ये बासष्ट जण होते." आणि जेवायला गेली.

एकाने जरी त्या रात्री तिला सांगितलं असतं तरी तिला तीन आठवडे आधी कळलं असतं. तो एक मी असू शकलो असतो. धाग्याचा प्रश्न मुलींना आहे, पण मुलांनी कुणाला सांगितलं हाही प्रश्न विचारा.

अबोली_नगर

लिहिलंत ते बरं केलंत. तिची माफी मागितलीत का?

कोकणकडा

पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि ते मला मान्य आहे.

शमी_न्यूजर्सी

एक उपयोगाचं सांगते. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, डिसेंबर २०२१ पासून. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही. फोनवरच त्या फोटोचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक आकडा तयार होतो, फक्त तो जातो. यात सामील असलेल्या कंपन्यांकडे तोच फोटो कुणी टाकला की ओळखता येतो. भारतातूनही वापरता येते, मामेबहिणीसाठी आम्ही वापरली. अठराच्या आतल्या मुलींसाठी 'टेक इट डाउन' अशी वेगळी आहे. इथे अमेरिकेत त्याच नावाचा कायदाही झाला मे २०२५ मध्ये, तक्रार आली की ४८ तासांत काढायचं.

गोदाकाठ

आपल्याकडे २०२१ साली आलेल्या आयटी नियमांत २४ तासांची मुदत ठेवली होती. चेहरा चिकटवलेला फोटो असला तरीही. कंपनीकडे तक्रार करताना "नग्नता" किंवा "माझी तोतयागिरी" हाच पर्याय निवडा. "आवडलं नाही" निवडलं तर ती रांगेत मागे पडते.

दहीभात

दुसरा मुलाच्या टॅबचा निघाला. जीव भांड्यात पडला.

खडूफळा

लातूरकडे शिकवते. आमच्या मुली वेगळंच गणित सांगतात: घरी बोललं तर फोन जाणार, फोन गेला तर ऑनलाइन क्लास जाणार, क्लास गेला की स्थळं बघायला सुरुवात. त्यामुळे कुणी धमकावलं तर त्या त्याचंच ऐकत राहतात, कारण तो निदान अजून फोन घेत नाही. गेल्या वर्षी वहीत चिठ्ठी ठेवून एकीने मला सांगितलं. आई-वडिलांना शाळेत बोलावलं तेव्हा मी आधी कबूल करून घेतलं की फोन काढायचा नाही, मगच विषय काढला. वडील रिक्षा चालवतात. म्हणाले, "बाई, फोन तिचाच राहील, त्या पोराचं काय ते सांगा." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आले. दुसऱ्या एकीच्या घरी असं झालं नाही. तिचं लग्न झालं. अठरा पूर्ण होऊन बाविसाव्या दिवशी.

पेन्शनर_कोथरूड

मी वर लिहिलं ते रागाने नव्हे, भीतीने लिहिलं. नात मुंबईला एकटी राहते.

रानजाई

काका, माझे बाबाही भीतीनेच बोलले होते. मला ते चाळिशीत कळलं. नातीला विसाव्या वर्षी कळेल असं काहीतरी बोला.

पेन्शनर_कोथरूड

काय बोलू?

खडूफळा

"काहीही झालं तरी मला पहिला फोन कर, मी ओरडणार नाही." एवढंच. आणि खरंच ओरडू नका.

रानजाई

भाचीचं सांगते. दोन रात्री समजावल्यावर ती म्हणाली, तू सांग पण मी शेजारी बसेन. दाजी रात्रीच्या गाडीने बार्शीहून आले. सगळं ऐकून घेतलं. मी श्वास रोखून बसले होते, कारण माझ्या कानात ते एसटीतलं वाक्य घुमत होतं. दाजींनी बऱ्याच वेळाने विचारलं, "चार हजार कुणाचे घेतले होतेस? ते आधी परत करू, ती पोरगी वाट बघत असेल." मग तिघं मिळून पोलीस ठाण्यात गेलो. साडेतीन तास लागले. दाजींनी तिच्या वतीने एकदाही उत्तर दिलं नाही, तिलाच बोलू दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. फोटो त्याने कुणालाच पाठवलेला दिसत नाही. परवापासून तिचा फोन ताटाशेजारी सरळ असतो.

मोरपंखी

दाजींना नमस्कार सांगा.

स्वातीनक्षत्र

माझ्याकडे २००८ च्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो आहे, मागच्या रांगेत नऊवारीतल्या तुम्ही असाल बहुतेक. तुम्ही म्हणालात तरच पाठवेन.

रानजाई

पाठवा. मला माझा तो दिवस परत बघायचाय.

टिकली

तीन वेळा लिहून पुसलं. रानजाई, व्यनि (खासगी निरोप) केलाय. घरी कुणालाच माहीत नाही. बघशील?

रानजाई

बघितला. जागी आहे मी. नंबर पाठवलाय, आत्ता फोन कर.