अचलपूर जिल्हा : 1905 ला गेलेलं परत मागायचं, की नवं काही मागायचं?

धुरेकरी (पथ्रोट, ता. अचलपूर)

पोळ्याआधी घरातली पत्र्याची पेटी आवरायला काढली. तळाशी पणजोबांचं एक गहाणखत निघालं. मोडीत, कडा उंदरानं कुरतडलेल्या. परतवाड्यातल्या एका जाणत्या माणसाकडून वाचून घेतलं. साल 1897. गावाच्या नावापुढं लिहिलंय : तालुका एलिचपूर, जिल्हा एलिचपूर. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर.

जिल्हा! आमच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात.

राजेहो, अचलपूर जिल्हा ही काही आजकालच्या पुढाऱ्यांनी काढलेली टूम नाही. 1490 ला फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क बहमनी सत्तेपासून वेगळा झाला आणि इमादशाही सुरू झाली, तिची राजधानी एलिचपूर. दख्खनच्या पाच शाह्यांपैकी एक सापन-बिच्छन नद्यांच्या काठावरून चालली. 1574 ला अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली, मग मोगल आले, मग हैदराबादचा निजाम. निजामाचे नवाब इथं बसले आणि वसुलीत नागपूरकर भोसल्यांचाही वाटा, दुअंमली म्हणतात ती हीच. 1853 ला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. तेव्हाच्या एलिचपूर जिल्ह्यात तीन तालुके : एलिचपूर, दर्यापूर, मेळघाट. 1903 ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, 1905 ला फेरमांडणी झाली आणि आमचा जिल्हा अमरावतीत विरघळला.

त्याच फेरमांडणीत वाशिमही मोडलं होतं. ते 1 जुलै 1998 ला परत जिल्हा झालं. आम्ही अजून निवेदनंच देतोय. अमरावती जिल्ह्याचे तालुके 14, क्षेत्रफळ 12 हजार चौ. किमीच्या वर. एका कलेक्टरनं एवढं सांभाळायचं? जे आमचं होतं ते परत मागतोय, भीक नाही मागत.

खारपाणी (दर्यापूर)

भाऊ, गहाणखत चांगलं जपून ठेवा. पण त्या तीन तालुक्यात आमचं नाव वाचून मले तर घामच फुटला.

म्हनजे 1905 चा हिशोब लावाचा तर दर्यापूर तुमच्या ताटात. काहून? आमाले कोनी इचारलं? आमच्याकडचा मानूस दवाखान्याले, कॉलेजले, बाजाराले, सगळीकडं अमरावतीले जाते, नाईतर अकोल्याले. अचलपूरले तो लग्नाले जाते, तेबी सोयरीक असन तर. खारपाणपट्ट्यात आमचं पानी खारट, जमिनीत ओलीत नाई, आमचे प्रश्न येगळे. तुमचा संत्रा, तुमची केळी, तुमचं सागवान. कलेक्टर तुमच्या बाजूचा बसला म्हनजे आमची ईर गोडी होनार हाय का?

आन इमादशाही गेली 1574 ले. तिच्या नावावर 2020 नंतर कलेक्टर हपिस मागता, हे मले काही समजून नाई राह्यलं.

हौजकटोरा (अचलपूर, जुनी वस्ती)

दर्यापूरवाले भाऊ, राजधानीचा अभिमान ठेवला तर काय बिघडतं?

मी रोज ज्या रस्त्यानं दुकानात जातो, त्या रस्त्यावर जुन्या परकोटाचा दरवाजा आहे. कमानीखालून ट्रॅक्टर जाताना ड्रायव्हर मान खाली घालतो, मान घालायची गरज नसतानाही. दुल्हा रहमानच्या दर्ग्यात गुरुवारी सगळ्या जातीचे लोक दिसतात. ईल राजाची गोष्ट आमच्या आजीनं सांगितली, गावाचं नाव त्याच्यावरून पडलं म्हणायची. खरंखोटं देव जाणे. गावाबाहेर हौज कटोरा उभा आहे. अष्टकोनी इमारत मधोमध, भोवती पाण्याची जागा. आज तिथं शेळ्या चरतात आणि पोरं कमानीत बसून मोबाईलवर रील पाहतात. दुसऱ्या कुठल्या गावात असता तर तिकीट लावलं असतं.

आणखी एक सांगतो. 1803 चा डिसेंबर आठवा. 15 तारखेला इंग्रज सेनापती वेलस्लीनं गाविलगडचा किल्ला घेतला. 17 ला देवगावचा तह, भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. 30 ला अंजनगाव सुर्जीचा तह, तिथं शिंद्यांची सही. पंधरा दिवसांत अर्ध्या हिंदुस्थानचा हिशोब आमच्या पंचक्रोशीत झाला. शाळेच्या पुस्तकात दोन ओळी, त्यातही आमच्या गावाचं नाव नाही.

पण खरी अडचण दर्यापूर नव्हेच, ती घरातलीच आहे. एकच नगरपरिषद, गावं दोन. अचलपूर म्हणजे जुनं शहर, परतवाडा म्हणजे इंग्रजांची छावणी, आता बाजारपेठ. जिल्हा झाला तर पाटी अचलपूरची लागणार आणि कलेक्टर ऑफिस परतवाड्याला जाणार, लिहून ठेवा. रुंद रस्ते, मोकळ्या जागा तिकडंच. बोळीतल्या जुन्या शहराला काय मिळणार, नुसतं नाव? मी जिल्ह्याच्या बाजूचाच आहे, पण हे आधी ठरवा. नाहीतर आज छावणीसमोर जुनं शहर जसं मागं पडलंय तसंच उद्या पडेल, फक्त जिल्ह्याच्या पाटीखाली.

सेमाडोहच्या बाई

मी मेळघाटात अकरा वर्षं शिकवते. तुमची चर्चा वाचली. राजे आले, नवाब आले, वेलस्ली आला. मेळघाट आला तो फक्त तालुक्यांच्या यादीत.

धारणीहून अमरावतीला निघालेली गाडी हरिसाल, सेमाडोह करत घाट उतरते आणि परतवाड्याला येते. तिथून अमरावती अजून पन्नासेक किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका पोरीच्या आईला बाळंतपणासाठी खाली पाठवलं. सोबत सासू होती, तिला कोरकू सोडून दुसरी भाषा येत नाही. परतवाड्यात सांगितलं, पुढं न्या. गाडीतल्या त्या पन्नास किलोमीटरचं सासूनं नंतर मला जे सांगितलं, ते इथं लिहीत नाही. बाई वाचली. बाळही वाचलं.

त्यामुळे मला जिल्हा हवा आहे. पण इमादशाहीसाठी नको. परतवाड्यात पूर्ण जिल्हा रुग्णालय, रक्तपेढी, नवजात बाळांचा विभाग आला तर पाटीवर काय लिहिलंय त्याचं मला घेणं नाही. आणि ते जिल्हा न करताही देता येतं, हेही मला माहीत आहे. दिलं का, ते सांगा.

धुरेकरी (पथ्रोट)

बाई, तुमचं वाचून थोडा ओशाळलो. पण जिल्हा झाला की जिल्हा रुग्णालय मागायला हक्काचं कारण मिळतं. तालुक्याला उपजिल्हा रुग्णालयाच्या वर कोण देतं?

पद्मतीर्थ (वाशिम)

वर वाशिमचं नाव निघालं म्हणून बोलतो. जपून मागा.

आमचाही इतिहास तुमच्यापेक्षा कमी नाही. वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सर्वसेनाचा वंश, पुढं हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव, त्यानं अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं कोरवून घेतलं. विंध्यशक्ती दुसऱ्याचा ताम्रपट इथलाच. भोसल्यांच्या काळातलं बालाजीचं देऊळ, तळं. जिल्हा झाला त्या वर्षी आम्हीही असंच गायलं होतं, वत्सगुल्माला न्याय मिळाला म्हणून.

काय मिळालं? इमारती. कलेक्टर, एसपी, झेडपी, सगळ्यांच्या इमारती. वीस वर्षांनी, 2018 ला, केंद्रानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातून चार : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद, वाशिम. आकांक्षित हा गोड शब्द आहे. मराठीत त्याला मागास म्हणतात. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, गाड्याही जातात. थांबत नाहीत.

गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळी झाली. तीही त्याच यादीत.

मानोऱ्याचा

वाशिमकर दादा, हे तुम्ही मुख्यालयात बसून लिहिता. मानोऱ्याच्या माणसाला विचारा. शिक्षणाधिकाऱ्याच्या सहीसाठी माझ्या वडलांनी अकोल्याच्या फेऱ्या मारल्या, मुक्काम केले. मी सकाळी वाशिमला जातो, संध्याकाळी जेवायला घरी असतो. इमारती आल्या म्हणता, पण त्या इमारतीतच तर आमची कामं असतात ना? यादीत नाव आलं ते शेतीच्या, शाळांच्या हालामुळं. ते हाल अकोल्यात राहिलो असतो तर कमी झाले असते का? तेव्हा आमचं मागासपण अकोल्याच्या सरासरीत लपून जायचं, कोणाला दिसायचंही नाही.

खारपाणी (दर्यापूर)

मानोऱ्याच्या भावाचं पटलं. बाईचं त्याहून पटलं. मेळघाट, अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव घ्या आन करा जिल्हा, आमचा इरोध नाई. आमाले फक्त सोडा. 1905 च्या कागदावर आमाले ओढू नका येवढंच.

हौजकटोरा (अचलपूर)

अंजनगाववाल्यांना विचारलं का तुम्ही? तेही म्हणतील आम्हाला सोडा. शेवटी मेळघाट आणि आम्ही, दोघंच उरू. मग निधीचं गणित कसं बसवायचं? आधीच शकुंतला रेल्वे बंद, कापड गिरणी बंद.

सेमाडोहच्या बाई

दोघं उरलो तर उरलो. तुमच्याकडं बाजार, आमच्याकडं जंगल, तसेही आम्ही सामानाला तुमच्याच परतवाड्यात येतो. पण मुख्यालयाच्या जागेवर तुमचं भांडण दहा वर्षं चालणार असेल, तर आधी रक्तपेढी मागूया. त्यासाठी जिल्हा लागत नाही, सही लागते. मसुदा मी लिहिते. धुरेकरी काका, तुमच्या गावची ग्रामसभा ठराव देईल का?

धुरेकरी (पथ्रोट)

देईल. पंधरवड्यात ग्रामसभा आहे, मांडतो. जिल्ह्याची मागणी मी सोडलेली नाही, ठरावात तेही एक वाक्य टाकीन, रागावू नका.

आणि गहाणखताचा फोटो काहींनी मागितला होता, टाकतो. त्यात शेवटी शेताच्या चतुःसीमा लिहिल्यात. पूर्वेस सरकारी गाडरस्ता. शेजाऱ्याशी आमचं सहा वर्षांपासून त्याच पूर्वेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण चालू आहे, मोजणीचं अपील अमरावतीला पडलंय. एलिचपूर जिल्ह्याचा कागद तिथं चालतो का, ते वकिलाला विचारायचंय. मंगळवारी तारीख आहे. सकाळची सातची एसटी धरतो.