वस्तीत २०० जणांची बीपी-शुगर तपासणी: मांडणी कशी करावी?

प्रश्न:
सभागृहात तिशीपुढच्या साधारण २०० जणांचं बीपी आणि उपाशीपोटी शुगर तपासायची आहे. चार डिजिटल बीपी मशीन, दोन ग्लुकोमीटर, आठ स्वयंसेवक. वेळ ८ ते १२. आकडे चुकू नयेत म्हणून काय सांभाळावं?

प्रतिसाद १:
मशीनपुढे उभी रांग नको. माणूस आधी पाच मिनिटं शांत बसलेला हवा. चालत आला आणि लगेच पट्टा बांधला की आकडा वाढतो. प्रत्येक मशीनमागे दोन खुर्च्या ठेवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजलं तर माणशी चार मिनिटं, म्हणजे चार मशीनवर तासाला ६०. बारापर्यंत जेमतेम उरकेल, म्हणून नोंदणीचं टेबल वेगळं हवंच.

सर्वांत जास्त चूक पट्ट्याच्या मापात होते. त्याचा फुगणारा भाग दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं, तेव्हा एक मोठा पट्टा मिळवाच. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. मोजताना विचारपूस अजिबात नको; स्वयंसेवक ओळखीचे असले की नेमकी तिथेच सुरू होते.

प्रतिसाद २:
शुगरसाठी आठ तास उपाशी राहावं लागतं, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा देऊन बोलवा. हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची बाटली उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिप बिघडतात. टोचणीचं पेन सगळ्यांना एकच वापरू नका, त्यातून 'हिपॅटायटिस बी' ही कावीळ पसरू शकते. एकदाच वापरायच्या लॅन्सेट (टोचायच्या सुया) घ्या, आणि त्या टाकायला जाड, सुईने भोक न पडणारा डबा.

प्रतिसाद ३:
शेवटचं टेबल राहिलं. बीपी १४०/९० किंवा उपाशीपोटी शुगर १२६ आणि त्याच्या वर निघालेल्यांना कोण बघणार, हे डॉक्टरांशी ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. या आकड्यांवरून निदान होत नाही, पुन्हा तपासावं लागतं. बीपी १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर थेट रुग्णालयात. बाकीच्यांना चिठ्ठी द्या, वहीत फोन नंबर घ्या आणि आठवड्याने "दाखवलंत का?" असं विचारा. आकडा मोठ्याने सांगू नका.

प्रश्नकर्ता:
आधीच गोळ्या चालू असलेल्यांनी त्या घेऊन यायचं का?

प्रतिसाद ३:
बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊन येऊ नये. त्यांना आठची वेळ द्या, तपासलं की लगेच खाऊ द्या.