इन्फ्रा (सर्व्हर-नेटवर्क) टीममधल्या सहकाऱ्याची ओळख: काय लिहावं, काय गाळावं?

प्रश्न
आमच्या ऑफिसच्या मासिक पत्रकात दर महिन्याला एका सहकाऱ्याची ओळख छापतो. या वेळी पाळी सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्यांची. त्यांनी स्वतः लिहून दिलंय ते एवढंच: 'सर्व्हर, स्टोरेज, नेटवर्क, बॅकअप पाहतो. छंद: संगीत.' प्रत्यक्षात चवथीला (गणेश चतुर्थीला) ते आरतीच्या पथकात घुमट, म्हणजे गोव्यातलं मातीचं तालवाद्य, वाजवतात. जागा ३०० शब्दांची, पत्रक वेबसाइटवरही चढतं. अकाउंट्सच्या माणसाला त्यांचं काम कळावं आणि घुमटही नीट यावं, यासाठी त्यांना नेमकं काय विचारू?

उत्तर १
पदनाम आणि सर्टिफिकेटांची यादी गाळा, ती कोणी वाचत नाही. एकच काम धरा. बॅकअपचा विषय घेतलात तर उत्तम: डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या माध्यमांवर, त्यातली १ दुसऱ्या इमारतीत. मग विचारा, 'रिस्टोअर करून (बॅकअपमधून डेटा परत आणून) शेवटचं कधी पाहिलं आणि किती वेळ लागला?' खरं काम तिथंच आहे. रिपोर्टमध्ये 'यशस्वी' दिसतं आणि डेटा उघडत नाही, असं सर्रास होतं. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली की अर्धवट अवस्थेतली प्रत हाती येते. बॅकअप उघडायची एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद करण्याची) किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवली असेल तर सर्व्हरबरोबर बॅकअपही गेला. अकाउंट्सला समजेल असा प्रश्न म्हणजे, '३१ मार्चला हिशेबाचा डेटा उडाला तर किती तासांत परत मिळेल?'

दुसरा विषय यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारं यंत्र. पावसात आपल्याकडे वीज जाते-येते, त्यामुळे वाचकाला लगेच पटतं. पॅनेलवर १०० टक्के चार्ज दिसतो, वीज गेल्यावर मात्र दोन मिनिटांत सगळं बंद. कारण तो आकडा बॅटरी किती भरली ते सांगतो, तिची क्षमता किती उरली ते नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून लोडवर (खरी उपकरणं जोडून) चाचणी घ्यावी लागते आणि बॅटरीच्या खोलीतला एसी रात्री बंद करून चालत नाही.

उत्तर २
वेबसाइटवर चढणार असेल तर फायरवॉलचा (बाहेरून येणारी नेटवर्क वाहतूक गाळणाऱ्या यंत्रणेचा) ब्रँड, व्हर्जन, बॅकअप सॉफ्टवेअरचं नाव आणि थेट मोबाइल नंबर लिहू नका. 'चवथीला पाच दिवस गावी असतात' हेही नको. ॲडमिन जागेवर नाही हे कळलं की त्यांच्या नावानं 'पासवर्ड लगेच बदला' असा मेल येतो आणि लोक फसतात. रॅकसमोरचा (सर्व्हरच्या कपाटासमोरचा) फोटो सगळ्यांनाच हवा असतो, पण त्यात पॅच पॅनेलवरची (केबली जोडायच्या पट्टीवरची) लेबलं, फळ्यावरचे आयपी (यंत्रांचे नेटवर्क पत्ते) आणि गळ्यातल्या कार्डाचा बारकोड स्वच्छ वाचता येतो. फोटो घुमट घेऊनच काढा.

उत्तर ३
घुमटाबद्दल 'आवड कशी लागली?' हा प्रश्न नको, उत्तर ठरलेलं असतं. हातांबद्दल विचारा. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं. रुंद तोंडावर चामडं ताणून बांधतात, अरुंद तोंड उघडंच असतं. उजवा हात चामड्यावर पडतो, डाव्या तळव्यानं अरुंद तोंड झाकत-उघडत आतली हवा अडवायची, त्यानं घुमारा बदलतो. नवशिक्याचा डावा हात मागं पडतो, म्हणून सगळे ठोके एकसारखे ऐकू येतात. सोबत शामेळ (छोट्या नगाऱ्यासारखं वाद्य) आणि कासाळें (झांजा). शामेळ दोन काठ्यांनी वाजतं आणि लय बहुधा तेच धरून ठेवतं, तेव्हा पथकात कोण कोणाकडे बघून वाजवतो हेही विचारा.

चवथ ऐन दमट दिवसांत येते. चामडं सैल पडतं, आवाज बसतो. वाजवण्याआधी ऊन किंवा मंद शेक देतात. घाई करून जास्त शेकलं तर कडेला फाटतं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ती एक ओळ पुरे.

प्रश्नकर्ता
त्यांच्या घरी आजोबांच्या वेळचं घोरपडीच्या चामड्याचं घुमट आहे. त्याचाच फोटो छापला तर?

उत्तर ३
नको. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, तिच्या चामड्याची वस्तू बाळगण्यावरही बंधनं आहेत. हल्ली बकरीचं चामडं लावतात, पथकातलं तसं घुमट हातात देऊन फोटो घ्या आणि ओळीत 'बकरीचं चामडं' असं स्पष्ट लिहा.